पाखरांची वाट आणि गुरांची वाट

१९५७ सालच्या मार्च महिन्यात तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यातून पुण्याला एक विचित्र बातमी येऊन पोहोचली. सोरब तालुक्यातल्या रानांत माकडे मरून पडत होती. काळ्या तोंडाची वानरे मरत होती, तांबड्या तोंडाची माकडेही मरत होती. त्याच सुमारास रानाकाठच्या वाड्यावस्त्यांत माणसेही तापाने अंथरूण धरत होती. एकाएकी हुडहुडी भरून ताप चढे, कपाळ फुटेल असे डोके दुखे, कंबर आणि पोटऱ्या मोडून येत, डोळे लाल होत. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येई. आरोग्य खात्याला आरंभी हा विषमज्वर वाटला. गावकऱ्यांनी मात्र ताप आणि माकडे यांची सांगड केव्हाच घातली होती. कन्नडमध्ये या तापाला त्यांनी दिलेले नाव आजही तेच आहे, ‘मंगन कायिले’, म्हणजे माकडाचा आजार. गोव्यात आणि आपल्या सिंधुदुर्गात आज त्यालाच माकडताप म्हणतात.

या आजाराचा इतिहास गेल्या पासष्ट-सत्तर वर्षांचा आहे. उष्ण कटिबंधातील रोगांवर संशोधन कसे होते, कोणाच्या प्रश्नासाठी होते आणि त्यातून निघालेले उत्तर शेवटी कोणाच्या हाती पडते, हे समजून घ्यायचे तर त्याच्यासारखे दुसरे उदाहरण भारतात क्वचितच सापडेल. त्यातले मुख्य संशोधन पुण्यात झाले आणि आता आजारही सह्याद्री धरून आपल्यापर्यंत आला आहे, म्हणून मराठी वाचकाने तो जाणून घ्यावा असे वाटते.

पिवळ्या तापाची धास्ती

माकडांच्या मरणाची बातमी पुण्यालाच का आली? १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू केले होते. आज राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था म्हणून आपण जिला ओळखतो, ती हीच संस्था. १९७८ मध्ये तिला हे नाव मिळाले. डास, गोचिडी यांसारख्या रक्त पिणाऱ्या जीवांमार्फत पसरणारे विषाणू जगभर शोधून काढण्याचा रॉकफेलर फाउंडेशनचा मोठा कार्यक्रम होता आणि पुण्याचे केंद्र त्याचाच एक भाग होते.

या कार्यक्रमामागे पिवळ्या तापाचा अनुभव होता. आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत या तापाने हजारो बळी घेतले होते. भारतात तो कधी आलेला नाही, पण त्याचा प्रसार करणारा डास मात्र इथे गल्लोगल्ली आहे. एकदा का विषाणूने बोट किंवा विमान पकडले, तर काय होईल या चिंतेने आरोग्य अधिकारी धास्तावलेले असत. परदेशातून येणाऱ्यांच्या लशीच्या दाखल्याबाबत भारत आजही कमालीचा कडक आहे, तो त्यामुळेच. दक्षिण अमेरिकेतल्या जंगलांत पिवळा ताप आला की त्याची पहिली वर्दी माकडे देतात. ओरडून रान दणाणून सोडणारे हाउलर जातीचे माकड त्या तापाने पटापट मरते आणि जंगल मुके होते. तेव्हा शिमोग्यात माकडे मरताहेत आणि माणसे तापताहेत हे ऐकल्यावर पुण्यातल्या शास्त्रज्ञांच्या मनात काय आले असेल, हे सांगायला नको.

केंद्राचे संचालक टेल्फर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी हॅरल्ड ट्रॅपिडो तातडीने शिमोग्याला गेले. ट्रॅपिडो यांनी पनामात पिवळ्या तापाच्या डासांवर बरेच काम केलेले होते. म्हणजे शोधायला गेलेली माणसे नेमका तोच रोग ओळखणारी होती. रुग्णांचे आणि माकडांचे रक्त, मेलेल्या माकडांचे अवयव, रानातल्या गोचिडी असे सगळे पुण्याला आले. पाहता पाहता विषाणू वेगळा काढला गेला. तो पिवळ्या तापाचा नव्हता. सोरब तालुक्यातल्या ज्या रानातल्या माकडापासून शोध सुरू झाला, त्या क्यासनूर रानाचे नाव विषाणूला आणि रोगाला मिळाले. त्या पहिल्या हंगामात ४६६ माणसे आजारी पडली, पुढच्या वर्षी १८१. मृत्यूचे प्रमाण साधारण शंभरात तीन ते पाच. माणसाकडून माणसाला हा रोग होत नाही. विषाणू ज्या गोचिडीच्या पोटात आहे ती चावल्यानेच तो मुख्यतः होतो.

रोग नवा, विषाणू नवा, आणि त्याचा माग काही आठवड्यांत लागलेला. स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय वैद्यकीय संशोधनातली ही मोठी कामगिरी होती आणि ती तशी गाजलीही. या कामासाठी पुण्याच्या प्रयोगशाळेने किंमतही मोजली. विषाणू हाताळणारे आणि रानात फिरणारे अनेक कर्मचारी स्वतः या तापाने आजारी पडले. अशा विषाणूंसाठी लागणारी सर्वोच्च सुरक्षा पातळीची प्रयोगशाळा पुण्यात पाषाणला उभी राहिली ती २०१२ मध्ये. तोवरची साडेपाच दशके हे काम मुख्यतः माणसांच्या सावधपणावर आणि धैर्यावर चालले.

पाखरांची वाट

विषाणू हाती आल्यावर त्याचे गोत शोधले गेले आणि सगळे चक्रावले. शिमोग्याच्या दमट रानातला हा विषाणू रशियातल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूच्या कुळातला निघाला. सैबेरियाच्या थंड अरण्यांत वसंतात आणि उन्हाळ्यात लाकूडतोड्यांना होणारा, गोचिडीमार्फतच पसरणारा असा तो रोग. सैबेरिया कुठे आणि सोरब कुठे! मधल्या हजारो मैलांत हिमालय आहे, वाळवंटे आहेत. मग हा विषाणू आला कसा?

उत्तर म्हणून पाखरांकडे बोट गेले. दर हिवाळ्यात उत्तर आशियातून लाखो पक्षी भारतात येतात. त्यांच्या पिसांत अडकून गोचिडी आल्या असतील, गोचिडींबरोबर विषाणू आला असेल, असा तर्क मांडला गेला. तो चुकीचा ठरवता येण्याजोगा, म्हणूनच तपासण्याजोगा होता. जागतिक आरोग्य संघटनेने त्यात रस घेतला आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे हे काम आले. १९५९ पासून सलीम अलींच्या नेतृत्वाखाली पक्षी धरून त्यांच्या पायात कडी घालण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. कच्छ, भरतपूर, तामिळनाडूतील पॉइंट कॅलिमिअर अशा ठिकाणी जाळी लागली. पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडी वेचून तपासणीसाठी जाऊ लागल्या. पुढे हे काम अमेरिकी लष्कराच्या पैशावर बँकॉकहून चालणाऱ्या एका आशियाव्यापी पक्षी-रोग सर्वेक्षणाशी जोडले गेले.

शीतयुद्धाचे दिवस होते. रशियन कुळातला विषाणू, अमेरिकी लष्कराचा पैसा आणि भारताच्या आकाशात उडणारे पक्षी हे तीन धागे एकत्र आले की संशय आलाच. सत्तरच्या दशकाच्या मध्याला वृत्तपत्रांतून जंतुयुद्धाच्या चर्चेला तोंड फुटले. दिल्लीच्या डास-प्रकल्पावर टीकेची झोड उठली आणि संसदेच्या लोकलेखा समितीने परदेशी सहकार्याने चाललेल्या संशोधनावर १९७५ मध्ये जो अहवाल दिला, त्यात पक्षी-प्रकल्पाचीही झाडाझडती झाली. सलीम अलींसारख्या माणसाला आपण पक्ष्यांचाच अभ्यास करत होतो, हे पटवून सांगावे लागले.

या सगळ्यातून पक्षीशास्त्राला पुष्कळ मिळाले. कोणता पक्षी कुठून येतो, कोणत्या वाटेने जातो, याची भारतातली पहिली भरघोस माहिती या कड्यांनी दिली. पण सैबेरियातून विषाणू पाखरांनी आणला, याचा पुरावा काही मिळाला नाही. रानात जमिनीवर चरणाऱ्या स्थानिक पक्ष्यांच्या अंगावर गोचिडीची पिल्ले मात्र भरपूर सापडत. म्हणजे पाखरांचा हात होता, तो एका रानातून शेजारच्या रानापुरता.

खरे तर एक दुवा पुण्याच्याच कागदपत्रांत आधीपासून होता. केंद्र सुरू झाले त्याच वर्षी, १९५२ मध्ये, देशाच्या निरनिराळ्या भागांतील लोकांचे रक्त तपासले गेले होते. त्यात कच्छ-सौराष्ट्रातील काही जणांच्या रक्तात या रशियन कुळातल्या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली होती. या कुळातले काहीतरी पश्चिम भारतात शिमोग्याच्या साथीआधीच वावरत होते, असा त्याचा अर्थ निघतो. पुढे १९९५ मध्ये सौदी अरेबियात मेंढ्या-उंटांशी संबंध येणाऱ्या लोकांच्या तापातून अलखुर्मा नावाचा विषाणू सापडला. क्यासनूरच्या विषाणूचा सर्वांत जवळचा भाऊबंद तो ठरला. सैबेरियाचे नाते दूरचे निघाले.

हा विषाणू कुठून आला, हा प्रश्न खोटा नव्हता. पण तो कोणाचा प्रश्न होता, हे पाहण्यासारखे आहे. जगाला नवा विषाणू कुठून कुठे जातो याची काळजी होती, कारण तो उद्या आणखी कुठे जाईल ही भीती होती. सोरब-सागरच्या शेतकऱ्याला विषाणूच्या माहेराशी देणेघेणे नव्हते. आपला बापजादा याच रानात लाकडे तोडत होता, पाचोळा गोळा करत होता, मग आताच का मरण आले, हा त्याचा प्रश्न होता. त्या प्रश्नाकडे पाहायला वेगळा माणूस यावा लागला.

गुरांची वाट

होर्हे बोशेल हे कोलंबियाचे डॉक्टर. पिवळ्या तापाच्या इतिहासात त्यांची एक गोष्ट सांगितली जाते. कोलंबियाच्या जंगलात माणसांना हा ताप होत होता, पण तो नेहमीचा घरगुती डास तिथे सापडत नव्हता. एकदा बोशेल लाकूडतोड्यांजवळ उभे असताना एक उंच झाड कोसळले आणि त्याच्या शेंड्याबरोबर निळ्या रंगाच्या डासांचा थवा खाली आला व माणसांना डसू लागला. ताप झाडांच्या शेंड्यावर, माकडांच्या उंचीवर राहत होता; झाड पाडणाऱ्याने तो आपल्या हाताने खाली आणला होता. रोग समजून घ्यायचा तर माणूस रानात नेमके काय काम करतो ते पाहावे, हा धडा बोशेल बरोबर घेऊन आले होते.

साठच्या दशकात ते सागर-सोरब भागात काम करू लागले. पी. के. राजगोपालन यांच्यासारखे पुण्याच्या केंद्रातले तरुण भारतीय कीटकशास्त्रज्ञ तिथे वर्षानुवर्षे पाय रोवून होते. काम कष्टाचे आणि वरकरणी कंटाळवाणे. पांढरे फडके पाचोळ्यावरून, झुडपांवरून ओढत न्यायचे आणि त्याला चिकटलेल्या गोचिडी मोजायच्या. उंदीर, घुशी, चिचुंद्र्या, खारी धरायच्या, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी वेचायच्या, रक्त घ्यायचे, सोडून द्यायचे. कोणत्या महिन्यात, कोणत्या रानात, कोणत्या वयाची गोचीड किती, याचे तक्ते करायचे.

या तक्त्यांतून गोचिडीचे वर्ष उलगडले. माकडतापाची मुख्य वाहक गोचीड हेमाफायसालिस स्पिनिजेरा जातीची. तिचे आयुष्य तीन टप्प्यांचे असते आणि प्रत्येक टप्प्यात तिला एका नव्या जनावराचे रक्त लागते. पावसाळा संपला की पाचोळ्यातल्या अंड्यांतून राईएवढी पिल्ले निघतात आणि उंदीर, पक्षी, माकडे यांना चिकटतात. पोट भरले की गळून पडतात, कात टाकतात आणि मधल्या वयाची होतात. ही मधली अवस्था पौषापासून वैशाखापर्यंत भुकेली असते आणि माणसाला चावते ती हीच. म्हणून आजाराचा हंगाम डिसेंबर ते मे. पुढे पाऊस सुरू झाला की पूर्ण वाढलेली गोचीड मोठ्या जनावराची वाट पाहत गवताच्या पात्यावर बसते. मादी पोटभर रक्त पिऊन खाली पडते आणि पाचोळ्यात हजारोंनी अंडी घालते.

मोठे जनावर म्हणजे पूर्वी गवा, सांबर, भेकर. दाट रानात ती थोडी आणि विखुरलेली. त्यामुळे गोचिडीही बेताच्याच. रानाकाठी माणूस आला, त्याने खोऱ्यात भाताची खाचरे काढली, गुरे पाळली आणि ती रानात चरायला सोडली. मलनाडातल्या पावसाळ्यात भुकेल्या गोचिडीसमोर रोज ठरल्या वाटेने जाणारा, ठरल्या वाटेने येणारा गुरांचा कळप चालून येऊ लागला. गोचिडींची संख्या बेसुमार वाढली, आणि ती नेमकी वाढली रानाच्या कडेला, माणसाच्या येण्याजाण्याच्या वाटांवर. झाडे तोडलेल्या जागी माजलेल्या घाणेरीच्या जाळ्यांनी उंदरांना आणि पाखरांना आसरा दिला. माकडेही या कडेला शेतात उतरू लागली. अशा ठिकाणी विषाणू माकडात शिरला की ते आजारी पडते, त्याच्या रक्तात विषाणू उसळतो, शेकडो गोचिडीची पिल्ले ते रक्त पितात. माकड मरून पडते आणि त्या सगळ्या गोचिडी त्याच जागी गळतात. पुढचे कित्येक दिवस ती जागा धोक्याची.

बोशेल यांनी हे १९६९ मध्ये सविस्तर मांडले. त्यातली मेख अशी की गुरांना हा रोग होत नाही. त्यांच्या रक्तात विषाणू फारसा वाढत नाही. गाय धडधाकट असते, दूध देते, नांगर ओढणारा बैल नांगर ओढतो. ती विषाणू वाढवत नाहीत, विषाणू वाहणाऱ्यांची फौज वाढवतात. आजार माकडाच्या नावाने ओळखला गेला, पण त्याचा हिशेब गुरांच्या वाटेवर लागत होता.

त्यानंतर अर्धे शतक लोटले आहे. २०२० मध्ये भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी एकत्र येऊन शिमोगा जिल्ह्यातील रोगाच्या जागांचा नकाशा संगणकाच्या मदतीने तपासला, तेव्हा धोका कुठे जास्त दिसला? जिथे दमट सदाहरित रान, बागायती आणि शेती यांची सरमिसळ आहे आणि जिथे देशी गुरे जास्त आहेत तिथे. फडके ओढून केलेल्या मोजणीतून निघालेले उत्तर उपग्रहांच्या काळातही टिकले.

लशीवरची भिस्त

उत्तर मिळाले, पण ते अडचणीचे होते. माणूस, गुरे आणि रान यांच्यातले नाते बदला असे ते सांगत होते. असे काम कोणत्याही एका खात्याचे नसते. लस टोचणे हे मात्र आरोग्य खात्याचे काम. साहजिकच सगळी भिस्त लशीवर गेली.

पहिला प्रयत्न रशियन मेंदूज्वराची लस वापरून झाला. कूळ एक असले तरी तिने संरक्षण दिले नाही. उंदराच्या मेंदूपासून केलेली लसही उपयोगी पडली नाही. साठच्या दशकात पुण्याच्या शास्त्रज्ञांनी कोंबडीच्या अंड्यातील भ्रूणाच्या पेशींवर विषाणू वाढवून आणि फॉर्मलिनने तो मारून लस तयार केली. ही टिकली. १९९० ते १९९२ मधल्या चाचणीत एका मात्रेने ७९.३ टक्के आणि दोन मात्रांनी ९३.५ टक्के संरक्षण मिळाल्याचे आकडे प्रसिद्ध झाले. कर्नाटक सरकारच्या बंगळूरच्या पशुवैद्यकीय संस्थेत ती तयार होऊ लागली आणि मलनाडातल्या गावांतून दिली जाऊ लागली.

पुढे आकडे उतरू लागले. २००५ ते २०१० या काळातील नोंदींवरून २०१३ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दोन मात्रांची परिणामकारकता ६२.४ टक्के आणि वर्धक मात्रेसह ८२.९ टक्के निघाली. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे पुरत्या मात्रा घेणारेच थोडे होते. दोन मात्रा महिन्याच्या अंतराने, मग सहा ते नऊ महिन्यांनी वर्धक मात्रा, पुढे वर्षावर्षाला पुन्हा वर्धक. टोचल्यावर हात दुखतो, दोन दिवसांची मजुरी बुडते. आपल्या गावात यंदा रोग येईल की नाही याचा भरवसा नाही. अशा लशीसाठी हातावर पोट असलेला माणूस दरवर्षी रांगेत उभा राहील, ही अपेक्षाच जड होती. २०२२ मध्ये परिणामकारकतेच्या प्रश्नावरून कर्नाटकाने ही लस थांबवली. आता भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नव्या लशीचे काम हाती घेतले आहे. रोगावर नेमके औषध आजही नाही. पाणी, विश्रांती, रक्तस्रावावर लक्ष असा आधाराचा उपचारच करावा लागतो.

बाकी उरते ते ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेने तयार केलेले गोचिडींना दूर ठेवणारे तेल आणि मेलेल्या माकडाभोवती पन्नास मीटरच्या वर्तुळात कीटकनाशक पूड टाकण्याचा शिरस्ता. दोन्ही गोष्टी कामाच्या आहेत. पण तेल काही तासांपुरते असते, आणि पूड टाकायची तर माकड मेल्याचे आधी कळायला हवे.

काजूच्या बागेपर्यंत

बरीच वर्षे हा रोग शिमोगा आणि आसपासच्या तालुक्यांपुरता होता. १९८२-८३ च्या हंगामात तो दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळतंगडी तालुक्यात उफाळला आणि हजाराहून अधिक लोक आजारी पडले. तिथे काजूच्या लागवडीसाठी राखीव रानाचा मोठा पट्टा साफ करण्यात आला होता. आधी माकडे मेली, मग झाडे तोडणारे मजूर तापाने पडले. तिथे जाऊन लोकांशी बोललेल्या मार्क निक्टर या मानववंशशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये आपल्या निबंधाच्या शीर्षकातच याला विकासाचा आजार म्हटले. ज्यांना काजूच्या लागवडीचा नफा मिळायचा होता, ते रानात उतरले नव्हते. उतरला होता तो मजूर.

२०१२ नंतर रोगाने आपला नकाशा झपाट्याने वाढवला. बंदीपूरच्या व्याघ्र प्रकल्पाजवळ तो दिसला, तामिळनाडूच्या निलगिरीत दिसला, केरळात वायनाडमध्ये आदिवासींना झाला. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग तालुक्यात केर भागात तो आला. पुढे बांद्याच्या परिसरातही रुग्ण निघाले. इतका काळ नोंद न झालेला रोग तिथे नवीन आला, की असलेला रोग नव्या तपासण्यांमुळे आता दिसू लागला, याचा निवाडा अजून व्हायचा आहे. दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या असू शकतील.

सत्तरी आणि दोडामार्ग पाहिले की बोशेल यांनी सांगितलेला हिशेब डोळ्यांसमोर उभा राहतो. सह्याद्रीच्या पायथ्याचे दमट रान, त्यात शिरलेल्या काजूच्या, सुपारीच्या बागा, त्यांच्यामधून गुरांच्या वाटा. इकडे काजूचा हंगाम फेब्रुवारीपासून मेपर्यंत. बोंडू पिकून खाली पडतात आणि बिया गोळा करणारे हात थेट पाचोळ्यात जातात. कोकणात तर पाचोळा हीच संपत्ती. तो गोठ्यात अंथरायला लागतो, भाताच्या तरव्यासाठी जमीन भाजायला लागतो. माघ-फाल्गुनात तो गोळा करून डोक्यावर आणणाऱ्या बहुतेक बायकाच. मधल्या वयाची भुकेली गोचीड नेमक्या त्याच दिवसांत त्याच पाचोळ्यात असते. काजूचे कॅलेंडर आणि गोचिडीचे कॅलेंडर एकमेकांवर तंतोतंत बसते.

अशा वेळी रानात जाऊ नका, हा सल्ला ऐकायला सोपा वाटतो. दोन महिन्यांच्या काजूवर वर्षाचा किराणा आणि मुलांच्या शाळेचा खर्च काढणाऱ्या घराला तो पाळता येत नाही. तो देणाऱ्यालाही हे ठाऊक असते. गुरे ठेवू नका, असेही कोणी म्हणेल, पण रोगाचे खापर गरिबाच्या गायीवर फोडून भागणार नाही. रान तोडण्याचे निर्णय त्या गायीच्या मालकाने घेतलेले नव्हते.

उत्तराला मालक हवा

या सगळ्या इतिहासाकडे एकत्र पाहिले तर काय दिसते? विषाणू काही आठवड्यांत सापडला. पाखरांच्या वाटेवर जगाने पैसा, माणसे आणि वर्षे खर्च केली. गुरांच्या वाटेवरचे उत्तर १९६९ मध्ये छापून आले. आणि १९८२ मध्ये पुन्हा काजूसाठी रान साफ झाले, तेव्हा त्या उत्तराची आठवण वनखात्याला कोणी करून दिली नाही. मेलेले माकड वनखात्याचे, गुरे पशुसंवर्धन खात्याची, तापलेला माणूस आरोग्य खात्याचा, बागेची जमीन महसूल खात्याची. गोचीड कोणाचीच नाही.

त्यामुळे आज सर्वांत जास्त उपयोगी पडेल ते काम मोठ्या शोधाचे नाही. मेलेले माकड दिसले की त्याच दिवशी खबर देता येईल असा एक फोन आणि ती खबर ऐकून चारही खाती एकत्र हलतील अशी सोय हवी. पावसाळ्याच्या तोंडी रानाकाठच्या गुरांच्या अंगावरच्या गोचिडी मारण्याची मोहीम हवी, म्हणजे हिवाळ्यातली पिल्लेच कमी होतील. काजूच्या हंगामाआधी तेल घरोघर पोहोचायला हवे, हंगाम संपल्यावर नव्हे. तालुक्याच्या रुग्णालयातल्या डॉक्टरने जानेवारी ते मे या काळात रानात काम करणाऱ्याच्या तापाला मलेरिया किंवा लेप्टोस्पायरोसिस समजून न थांबता रक्ताचा नमुना लवकर पाठवायला हवा. आणि रानाकाठी नवी लागवड, नवे धरण किंवा नवे पुनर्वसन ठरेल तेव्हा पर्यावरणाच्या अहवालात गोचिडीलाही एक ओळ मिळायला हवी.

उष्ण कटिबंधातील रोगांवरचे संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सूक्ष्मदर्शक आणि लस येते. क्यासनूरच्या कथेत त्या दोन्ही आहेत आणि त्यांचे मोल कमी नाही. पण कथेतला सर्वांत टिकाऊ शोध पांढरे फडके पाचोळ्यावरून ओढत, गुरांच्या मागे चालणाऱ्यांनी लावला. ते जे सांगून गेले, ते शिमोग्यापासून दोडामार्गपर्यंतच्या माणसांना साठ-सत्तर किलोमीटरवरच्या जिल्हा कचेरीत अजून ऐकू जायचे आहे. सोरबच्या रानाकाठच्या माणसांनी माकडे पडताना पाहून तापाची जी पहिली नोंद केली, ती सरकारी दप्तराच्या आधीची होती. पुढचे माकड पडेल तेव्हा ते आधी कोणाला दिसेल, हे आजही ठरलेले आहे. त्याची हाक कोण घेतो, एवढेच ठरायचे आहे.